विकत घेतलेला वारसा

१ फेब्रुवारी २०२६ ला छायाचित्रकार व्हिव्हियन मायरच्या जन्माला शंभर वर्षं झाली. मी शिकागोत राहते म्हणून त्या सुमारास मुंबई-पुण्याच्या ओळखीच्यांनी तिच्यावरचे लेख आठवणीने मला पाठवले. जवळजवळ प्रत्येकाची सुरुवात सारखीच. मुलं सांभाळणारी एक विक्षिप्त बाई, लिलावात निघालेल्या पेट्या, आत सापडलेला खजिना, मग कुणाला किती डॉलर मिळाले त्याचा हिशेब. फोटोंबद्दल शेवटी दोन ओळी. वाचून माझा संताप झाला. पेट्या उघडून दीड तपाहून जास्त काळ लोटला आणि लिहिणारे अजून पेट्यांपाशीच उभे आहेत.

तिच्या आयुष्याचा मोठा भाग मी इथे भराभर उरकते. पामेला बॅनोस (२०१७) आणि अ‍ॅन मार्क्स (२०२१) यांच्या चरित्रांत तो सविस्तर आला आहे. जन्म न्यूयॉर्कचा, आई फ्रेंच. लहानपणाची काही वर्षं आल्प्समधल्या शाम्पसोर खोऱ्यात गेली. १९५१ मध्ये ती न्यूयॉर्कला परतली, लवकरच हातात रोलायफ्लेक्स आला, आणि १९५६ मध्ये शिकागोच्या उत्तरेकडच्या हायलंड पार्क या श्रीमंत उपनगरात एका घरात मुलं सांभाळायला ती राहिली. तिथल्या स्वतःच्या न्हाणीघरातच तिने डार्करूम केली होती. पुढची चाळीसेक वर्षं घरं बदलली, काम तेच राहिलं.

कॅमेऱ्याबद्दल मात्र थांबून सांगायला हवं, कारण फोटो समजायला ते लागतं. रोलायफ्लेक्स डोळ्याला लावत नाहीत. तो पोटाशी धरायचा आणि वरून, मान खाली घालून, काचेवर उमटलेलं चित्र बघायचं. डावं उजवीकडे दिसतं, उजवं डावीकडे. समोरच्याला वाटतं, ही बाई खाली बघत काहीतरी चाचपतेय. रोलमध्ये बारा चौकोनी फ्रेम. आणि भिंग कमरेच्या उंचीवर असल्यामुळे मोठी माणसं किंचित खालून दिसतात, मुलं थेट समोरून. व्हिव्हियनच्या रोलमध्ये एका विषयाची बहुतेक वेळा एकच फ्रेम असते. त्या एका फ्रेमआधी तिने किती पाहिलं असेल!

आता २००७ ते २०१७ या दशकाकडे येते. ते या शहरात माझ्या डोळ्यांदेखत घडलं आणि त्याबद्दल बोलायचं राहून गेलं आहे.

२००७ मध्ये तिच्या सामानाच्या गोदामाचं भाडं थकलं आणि सामान लिलावात गेलं. पोर्टेज पार्क या शिकागोच्या वस्तीवर पुस्तक करायला जुने फोटो शोधणाऱ्या जॉन मालूफ या तरुणाने सुमारे ३८० डॉलरला एक मोठी पेटी घेतली. तीत तीसेक हजार निगेटिव्ह होत्या. बाकीच्या पेट्या आणखी दोघांनी उचलल्या. त्या फोटोंचा पुस्तकाला उपयोग नव्हता, म्हणून मालूफने त्यातलं थोडं इंटरनेटवर सुटं विकायला काढलं. अ‍ॅलन सेक्युला हे छायाचित्रकार आणि अभ्यासक त्यातल्या काही वस्तूंचे गिऱ्हाईक होते. त्यांनी मालूफला असं विखरू नका म्हणून सांगितलं, तेव्हा विक्री थांबली. सेक्युलांचं नाव या शताब्दीच्या लेखांत मला कुठे दिसलं नाही. एका जाणकाराने वेळेवर केलेल्या त्या विनवणीमुळे पुष्कळ काही वाचलं. पुढे मालूफने इतरांकडचाही बराच भाग मिळवला आणि त्याच्याकडे लाखाच्या वर निगेटिव्ह झाल्या.

हे सगळं चाललं होतं तेव्हा व्हिव्हियन जिवंत होती. याच शहरात, उत्तरेच्या टोकाला रॉजर्स पार्कमध्ये राहत होती आणि तळ्याकाठच्या बाकावर बसत होती. तिने वाढवलेल्या मुलांनी मोठेपणी तिच्या घरभाड्याची सोय केली होती. मी त्या वेळी शेजारच्या इव्हॅन्स्टनमध्ये राहायचे, ती सगळी किनारपट्टी माझ्या रोजच्या फिरण्याची. २००८ च्या हिवाळ्याच्या तोंडाशी ती बर्फावर घसरून पडली, डोक्याला मार लागला, आणि २१ एप्रिल २००९ ला शुश्रूषागृहात वारली. मालूफला एका पाकिटावर तिचं नाव मिळालं तेही त्याच वर्षी. शोध घेतला तर काही दिवसांपूर्वीची निधनवार्ताच हाती आली. म्हणजे जवळजवळ दीड वर्ष तिचं काम परक्या हातांतून फिरत होतं आणि तिला विचारायची संधी होती. कुणी जाणूनबुजून टाळलं असं मी म्हणत नाही. पण सापडल्याच्या आनंदाची गोष्ट सांगताना हे दीड वर्ष जे गाळतात, ते अर्धी गोष्ट सांगतात.

जानेवारी २०११ मध्ये शिकागो कल्चरल सेंटरमध्ये तिचं प्रदर्शन लागलं. मिशिगन अ‍ॅव्हेन्यूवरची ही देखणी इमारत म्हणजे गावाचं जुनं सार्वजनिक ग्रंथालय. तिकीट नाही, कुणीही यावं. त्या हिवाळ्यात भयंकर हिमवादळ झालं, लेक शोअर ड्राइव्हवर गाड्या रात्रभर अडकल्या, ते फेब्रुवारीच्या सुरुवातीला. रस्ते मोकळे झाल्यावर मी सासूबाईंना घेऊन गेले. त्या दादरहून सहा महिन्यांसाठी आमच्या लेकीला सांभाळायला आल्या होत्या, जशा इथल्या कितीतरी मराठी घरांत आज्या येतात. भिंतीवर फूटपाथवरची रडवेली, मळकट तोंडाची मुलं होती. सासूबाई एका फोटोपुढे बराच वेळ थांबल्या. मग म्हणाल्या, "हिने पोरं सांभाळलीत गं. बघ, मूल जिथून जग बघतं तिथून बघत्ये ही." मी त्यांना कॅमेरा पोटाशी कसा धरतात ते समजावायला लागले, तर म्हणाल्या, "असेल. पण थांबायला कुणी शिकवलं? पोरगं रडायचं थांबून बघायला लागेपर्यंत थांबलीय बाई."

त्या एका वाक्यात तिच्या नोकरीचा आणि कलेचा जो संबंध आहे, तो नंतरच्या एवढ्या गाजावाजात मला क्वचित भेटला. मुलं सांभाळणं हे तिच्या कलेच्या आड आलेलं पोटापाण्याचं काम होतं असंच सगळे धरून चालतात. पण मुलांना घेऊन ही बाई शहराच्या बकाल भागांत, कत्तलखान्यांपर्यंत जायची. तिचा रस्ता त्यातून घडला. १९५५ च्या एका फोटोत एक कामगार मोठा आरसा उचलतो आहे आणि त्या आरशात ती स्वतः दिसते, ओठांच्या कोपऱ्यात हसू. ही बाई दुःखी आणि लपलेली होती असं मला कुणी सांगू नये.

प्रदर्शनानंतर बाजार आला. नव्याने काढलेल्या प्रिंट, प्रत्येकीच्या पंधराच प्रती, किंमत हजारो डॉलरांत, मागे मालूफची सही. काढणारीची सही असणार कुठून? मग आला २०१३ चा चित्रपट, 'फाइंडिंग व्हिव्हियन मायर'. त्याला ऑस्करचं नामांकनही मिळालं. तो चांगला बांधलेला आहे आणि त्याने जगभर तिचं नाव पोचवलं, हे श्रेय मी मालूफला मनापासून देते. पेट्या त्याच्या हाती पडल्या नसत्या तर कदाचित कचऱ्यात गेल्या असत्या. पण चित्रपटाचा किती वेळ तिच्या वर्तमानपत्रांच्या थप्प्या, खोलीची कुलपं, खोटी नावं आणि चालण्याची ढब यांवर गेला! बाई एकटी राहिली, तिने कुणाला काही दाखवलं नाही, म्हणजे तिच्यात काहीतरी बिघाड असणार, हा सूर त्या चित्रपटाने पक्का केला.

त्याच चित्रपटात मोठ्या संग्रहालयांनी नकार दिल्याचंही येतं. छायाचित्रकाराने स्वतः निवडून, स्वतः छापलेलं नाही, मग त्यावर तिची मोहोर कशी मानायची, असा तो आक्षेप. आक्षेपात तथ्य आहे. पण रस्त्यावरचे फोटो काढणारा अमेरिकी छायाचित्रकार गॅरी विनोग्रँड १९८४ मध्ये गेला तेव्हा त्याने सुमारे अडीच हजार रोल धुतलेच नव्हते. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या पुढाकाराने ते धुतले गेले आणि त्यांतल्या फोटोंसह १९८८ मध्ये मोठं प्रदर्शन झालं. जुनं पॅरिस टिपणाऱ्या अज्जेचा संग्रह तो गेल्यावर छायाचित्रकार बेरेनिस अ‍ॅबटने वाचवला, त्याच्या निगेटिव्हवरून प्रिंट काढल्या, आणि १९६८ मध्ये तो याच संग्रहालयात गेला. व्हिव्हियनचेही हजारो रोल न धुतलेले निघाले. विनोग्रँडच्या रोलना त्याचा ध्यास म्हटलं गेलं, हिच्या रोलना विक्षिप्तपणा. एकजण आधीच नावाजलेला पुरुष होता आणि दुसरी मुलांचं नाक पुसणारी बाई, याखेरीज मला यात फरक दिसत नाही.

२०१४ मध्ये एका वकिलाने कायद्याचा प्रश्न उपस्थित केला. निगेटिव्ह विकत घेतली म्हणजे तिचे हक्क विकत घेतले असं होत नाही. हक्क काढणाऱ्याचे, मग वारसांचे. मालूफने फ्रान्समधल्या एका दूरच्या नातेवाइकाशी करार केला होता, वकिलाने त्याहून जवळचा दुसरा पुढे आणला, आणि कुक काउंटीच्या न्यायालयात तिच्या इस्टेटीचा कारभार उभा राहिला. धास्तीने दुसरा मोठा संग्राहक जेफ्री गोल्डस्टीन याने आपल्याकडच्या हजारो निगेटिव्ह टोरांटोच्या एका गॅलरीला विकून टाकल्या. २०१६ मध्ये मालूफची इस्टेटीशी तडजोड झाली, तिच्या अटी गोपनीय. अमेरिकी कायद्याने तिच्या फोटोंवरचे हक्क मृत्यूनंतर सत्तर वर्षं, म्हणजे २०७९ अखेरपर्यंत चालतील.

आणि मग, दशकाच्या शेवटी, २०१७ मध्ये, जे पहिल्यांदा व्हायला हवं होतं ते झालं. तिने हयातीत काढून घेतलेल्या जवळपास पाचशे प्रिंट मालूफने शिकागो विद्यापीठाच्या ग्रंथालयाला दिल्या, पुढे आणखी दिल्या. तिने काय निवडलं, कुठे कापलं, गडद काढलं की फिकं, हे तिथे अभ्यासायला मिळतं. लिलाव, बाजार, चित्रपट, कोर्ट आणि सगळ्यात शेवटी ग्रंथालय, हा क्रम मला अजून सलतो.

हे मी मराठीत लिहिते त्याला कारण आहे. गिरगावातल्या माझ्या एका मैत्रिणीचे वडील नोकरी सांभाळून चाळीस वर्षं गल्लीबोळ टिपत राहिले. ते गेल्यावर तिने निगेटिव्ह ठेवून घ्याल का म्हणून एका संस्थेला विचारलं. फोटोग्राफर परिचित नाहीत, असं उत्तर आलं. दोन वर्षांनी मी तिच्याकडे गेले तेव्हा कपाटाच्या खणाला आंबूस वास सुटला होता. अ‍ॅसिटेट फिल्म दमट उन्हाळ्यात सडते तेव्हा व्हिनेगरसारखी घमघमते, आणि एक पट्टी सडायला लागली की शेजारच्याही जातात. बऱ्या पट्ट्या आम्ही वेगळ्या केल्या, कागदी पाकिटांत घातल्या, रोलचा क्रम आणि वडिलांनी मागे लिहिलेल्या तारखा तशाच ठेवून स्कॅन करायला घेतल्या. ते काम चालू आहे. संस्थांनी परिचितांचीच वाट बघितली तर आपल्याकडच्या पेट्या लिलावापर्यंतही पोचणार नाहीत, थेट रद्दीवाल्याकडे जातील.

व्हिव्हियनसाठी माझं मागणं अवघड नाही. वेगवेगळ्या हातांत गेलेले रोल एका यादीत यावेत, तिने काढले त्या क्रमाने, बाराच्या बारा फ्रेम, कुणा गॅलरीने निवडलेली एक नव्हे. इस्टेट, मालूफ आणि गॅलरी यांनी प्रिंट विकाव्यात, पण अभ्यासाला आणि नुसतं बघायला ती यादी ग्रंथालयातून सगळ्यांना खुली असावी. इस्टेटीच्या कारभाऱ्यांनी मनावर घेतलं तर त्यासाठी २०७९ ची वाट बघावी लागणार नाही.