पातीची पदर सुटणारी चपाती

परवा कराडच्या मंडईत कांद्याच्या पातीच्या कोवळ्या जुड्या दिसल्या. आमच्याकडे पातीला बेसन पेरून भाजी होते. मी या खेपेला पदराची चपाती केली. चीनमध्ये अशीच पोळी मैद्याची करतात, तिला चोंगयोबिंग म्हणतात.

कणकेत निम्मा मैदा घ्या. आधी थोडं उकळतं पाणी घालून चमच्यानं कालवा, मग गार पाण्यानं मळा. उकळत्या पाण्यानं चपाती मऊ राहते. अर्धा तास झाकून ठेवा, नाहीतर लाटताना आक्रसते.

सगळी करामत पदरांची! मोठी पोळी लाटून तिला साटा लावा, म्हणजे गरम तेलात कालवलेलं पीठ. वर मीठ भुरभुरा. तेलामुळे थर एकमेकांना चिकटत नाहीत. बारीक चिरलेली पात पसरा, वळकटी करा, चकलीसारखी गुंडाळा, हलक्या हातानं लाटा.

पात धुतल्यावर नीट पुसा. मीठ आधी पातीत कालवू नका. तिला पाणी सुटतं आणि पदर बसतात. माझी पहिली खेप अशीच गेली.

मध्यम आचेवर, सढळ तेलात खरपूस भाजा. उतरवल्यावर सांगलीची मावशी घडीची चपाती दोन्ही हातांनी चुरडते, तसं करा. पदर लगेच मोकळे होतात.

सोबत शेंगदाण्याची चटणी नि दही. काही अडलं तर बिनधास्त विचारा. तुमच्याकडे घडीला तेल लावतात की तूप?