पीडित स्त्रीला पहिला आधार

पेठ वडगांव हें कोल्हापूर जिल्ह्याच्या हातकणंगले तालुक्यांतील बाजाराचें गांव आहे. आठवड्याच्या बाजाराला भोंवतालच्या खेड्यांतून शेतकरी येतात, तशा त्यांच्या घरच्या स्त्रियाहि येतात. भाजीचा भाव, पावसाची ओढ, मुलीचें लग्न, सारें कांहीं तेथें मोकळेपणानें बोललें जातें. एक गोष्ट मात्र सहसा बोलली जात नाहीं, आणि ती म्हणजे घरीं होणारी मारहाण. दंडावरचा काळानिळा वळ कोणाच्या दृष्टीस पडलाच, तर “चौकटीला आपटलें” एवढें उत्तर मिळतें, आणि विचारणारीहि तेवढ्यावर समाधान मानते.

हें मौन किती मोठें आहे याचा हिशेब २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या पांचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत सांपडतो. अठरा ते एकोणपन्नास वर्षें वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी महाराष्ट्रांत सुमारें चारांतील एकीनें पतीकडून शारीरिक वा लैंगिक छळ सोसल्याचें सांगितलें. साऱ्या देशांत असा छळ सोसलेल्या स्त्रियांपैकी अवघ्या १४ टक्के स्त्रियांनीं कोणाची तरी मदत मागितली. ७७ टक्के स्त्रियांनीं मदत तर मागितली नाहींच, पण हें दुःख कोणाजवळ बोलूनहि दाखविलें नाहीं. अर्थात् कायदा, न्यायालय, रुग्णालय हीं सारीं असूनहि बहुतेक स्त्रिया त्यांच्या दारापर्यंत पोहोंचत नाहींत. अडचण वाटेच्या शेवटीं आहे त्याहून अधिक ती वाटेच्या आरंभीं आहे.

कोल्हापूरच्या मुलखाला हा विषय नवा नाहीं. राजर्षि शाहू महाराजांनीं १९१९ सालीं आपल्या संस्थानांत स्त्रियांना क्रूरपणें वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा केला. पेठ वडगांव त्या काळीं याच संस्थानांत होतें. नवऱ्याचा मार ही घरची खासगी बाब नसून राज्याच्या न्यायासनानें दखल घ्यावी असा तो गुन्हा आहे, हें तत्त्व येथील रयतेला तेव्हांच सांगितलें गेलें. सर्व देशासाठीं अशा क्रूरतेचें स्वतंत्र कलम होण्यास १९८३ साल उजाडावें लागलें. तें ४९८-अ कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ८५ व ८६ या कलमांत आलें आहे.

कायद्याच्याहि आधीं समाजांतील सज्जनांनीं हात पुढें केला होता. पुण्यांत जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं १८६३ सालीं बालहत्या प्रतिबंधक गृह काढलें. फसविल्या गेलेल्या विधवांना तेथें गुप्तपणें बाळंत होतां येत असे. “हें कोणामुळें झालें” असें दरडावून न विचारतां दार उघडणें, हा त्या घराचा पहिला नियम म्हणतां येईल. पुढें पंडिता रमाबाईंचें शारदा सदन १८८९ सालीं आणि धोंडो केशव कर्वे यांचा अनाथ बालिकाश्रम १८९६ सालीं निघाला. या संस्थांत आश्रयाला शिक्षणाची जोड मिळाली.

अलीकडच्या काळांत एक महत्त्वाचा पालट झाला. स्त्रीनें मदत शोधीत हिंडावें, त्यापेक्षां ती जेथें आपण होऊन येते तेथेंच मदत नेऊन ठेवावी, असा विचार पुढें आला. मुंबईंत १९८४ सालीं टाटा समाजविज्ञान संस्थेनें पोलीस आयुक्तांच्या कचेरींतच स्त्रिया व मुलें यांच्यासाठीं सहाय्य कक्ष उघडला. मारहाण झालेली स्त्री औषधासाठीं दवाखान्यांत येतेच, हें जाणून २००० सालीं वांद्र्याच्या भाभा रुग्णालयांत ‘दिलासा’ केंद्र स्थापन झालें. त्याच धर्तीवर २०१५ पासून केंद्र सरकारनें जिल्ह्याजिल्ह्यांत ‘सखी’ केंद्रें काढण्याची योजना चालविली आहे. वैद्यकीय उपचार, पोलिसांची मदत, कायद्याचा सल्ला, समुपदेशन आणि कांहीं दिवसांचा निवारा हीं पांचहि साह्यें तेथें एकाच छपराखालीं मिळावींत, असा तिचा हेतु आहे.

आतां समजा, वडगांवजवळच्या एखाद्या खेड्यांतील स्त्रीला घरीं छळ होत आहे. तिला काय करतां येईल? कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचें संरक्षण करणारा कायदा २००५ सालीं झाला व २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलांत आला. या कायद्यानें हिंसाचार म्हणजे केवळ मारहाण नव्हे. शिवीगाळ व अपमान, पैशांची कोंडी, स्त्रीधन अडकवून ठेवणें, शरीरसंबंधाची बळजबरी हींहि त्यांत येतात. पत्नीप्रमाणेंच त्या घरांत राहणारी आई, बहीण वा विधवा भावजय यांनाहि तो लागू आहे. महिला व बालविकास विभागाचा संरक्षण अधिकारी तिची हकीकत नमुन्यांत लिहून घेतो व दंडाधिकाऱ्यांपुढें ठेवतो. वडगांवांतच न्यायालय असल्यामुळें अशा अर्जासाठीं कोल्हापूर गांठावेंच लागतें असें नाहीं.

अर्जाची पहिली तारीख सामान्यतः तीन दिवसांच्या आंत असावी, आणि त्यानंतर साठ दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा, असें कायदा सांगतो. प्रत्यक्षांत विलंब होतो. तथापि निकालापूर्वींच तात्पुरता हुकूम मागतां येतो. मारहाण थांबविण्याचा, तिला घराबाहेर न काढण्याचा, पोटगीचा, मुलांच्या तात्पुरत्या ताब्याचा असे हुकूम दंडाधिकारी देऊं शकतात. घर नवऱ्याच्या वा सासऱ्याच्या नांवावर असलें तरी कायदेशीर मार्गावांचून तिला तेथून हुसकून लावतां येत नाहीं. संरक्षणाचा हुकूम मोडणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊं शकतात. वकिलाच्या खर्चाचीहि धास्ती नको. १९८७ च्या विधि सेवा प्राधिकरण कायद्यानें उत्पन्न कितीहि असलें तरी स्त्रीला मोफत वकील मिळूं शकतो.

बलात्काराचा प्रसंग याहून निकडीचा असतो. अशा वेळीं सरकारी वा खासगी कोणत्याहि रुग्णालयानें तात्काळ व विनामूल्य उपचार केले पाहिजेत. ते नाकारणें हा गुन्हा आहे. गर्भधारणा व रोगसंसर्ग टाळण्याचीं औषधें ७२ तासांच्या आंत सुरू व्हावीं लागतात, म्हणून घरीं विचारविनिमय करीत दिवस दवडूं नयेत. अंगावरचे कपडे न धुतां कागदांत गुंडाळून न्यावेत. स्नान झालें असलें तरीहि जाणें टाळूं नये. तपासणी तिच्या संमतीनेंच होते. गुन्हा कोणत्याहि हद्दींत घडलेला असो, जवळच्या पोलीस ठाण्यानें फिर्याद नोंदविली पाहिजे, आणि तिचा जबाब स्त्री अधिकाऱ्यानें घ्यावा असा नियम आहे. तिचें नांव प्रसिद्ध करणें हाहि गुन्हा आहे. महाराष्ट्रांत २०१३ पासून मनोधैर्य योजनेखालीं पीडितेस आर्थिक साह्य व पुनर्वसनाची मदत मिळण्याची सोय आहे. त्यासाठीं जिल्हा विधि सेवा प्राधिकरणाकडे जावें. मूल पीडित असेल तर २०१२ च्या कायद्याप्रमाणें माहिती असणाऱ्या प्रत्येकानें कळविलेंच पाहिजे.

या सर्व साखळीची पहिली कडी मात्र कोणत्याहि कचेरींत नाहीं. ती शेजारीण असते, माहेरची भावजय असते, अंगणवाडी सेविका वा आशाताई असते, कधीं मुलाच्या शाळेंतील बाईहि असतात. धीर एकवटून स्त्री ज्या व्यक्तीजवळ प्रथम बोलते, त्या व्यक्तीच्या पहिल्या दोन वाक्यांवर पुढचें पुष्कळसें अवलंबून असतें. “तूंच कांहीं बोलली असशील,” “झांकली मूठ सव्वा लाखाची,” “मुलांकडे बघून सोस,” असे शब्द कानीं पडले, कीं उघडलेलें दार मिटतें, आणि तें पुनः उघडण्यास कित्येक वर्षें लागतात. उलट, “तुझ्यावर माझा विश्वास आहे, यांत तुझा दोष नाहीं,” एवढें कोणीं म्हटलें, तर तिचें दुसरें पाऊल पडतें.

ऐकणारानें पुढें काय करावें? तिला एकांतांत विचारावें. नवऱ्यासमोर किंवा सासूसमोर विचारूं नये. आज रात्रीं घरीं जाणें सुरक्षित आहे काय, हें आधीं पाहावें. आधारपत्र, रेशनकार्ड, बँकेचें पुस्तक, मुलांचे दाखले व थोडे पैसे एका पिशवींत घालून विश्वासू घरीं ठेवण्यास सुचवावें. १८१ हा स्त्रियांसाठींचा, ११२ हा तातडीचा, १०९८ हा मुलांसाठींचा व १५१०० हा कायदेविषयक सल्ल्याचा दूरध्वनि तिला पाठ करून द्यावा. निर्णय तिचा तिला घेऊं द्यावा, आणि तिची गोष्ट चव्हाट्यावर नेऊं नये. शेजारधर्म करतांना आपणच अडचणींत येऊं, ही भीति अनेकांना असते. २००५ च्या कायद्याचें चौथें कलम याविषयीं स्पष्ट आहे. ज्याला हिंसाचार होत असल्याचें सकारण वाटतें अशा कोणाहि व्यक्तीला संरक्षण अधिकाऱ्यास कळवितां येतें, आणि सद्भावनेनें दिलेल्या माहितीबद्दल तिच्यावर कसलीहि जबाबदारी येत नाहीं.

गांवानें मनावर घेतलें तर काय होतें याचें उदाहरण शेजारच्याच शिरोळ तालुक्यांत आहे. मे २०२२ मध्यें हेरवाड गांवानें विधवांचें कुंकू पुसणें, बांगड्या फोडणें इत्यादि प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यांत राज्य सरकारनें त्याचा कित्ता इतर गांवांपुढें ठेवला. तो ठराव करणारीं माणसें साधींच होतीं. तशीच साधीं माणसें वडगांवच्या प्रत्येक गल्लींत राहतात. दंडावरचा वळ दिसल्यावर “चौकटीला आपटलें” या उत्तरावर न थांबतां, बाजूला नेऊन, हलक्या आवाजांत पुनः एकदां विचारणें, एवढें त्यांच्या हातीं खास आहे.