बोंडअळीच्या वर्षी ऐकलेलं गाणं

२०१७ ची दिवाळी आमच्या नांदगाव खंडेश्वरात कडूच गेली. पऱ्हाटी हिरवीगार, बोंडं टपोरी. पण हातानं फोडलं की आत गुलाबी अळी. अशाच एका संध्याकाळी मी वावरातून येऊन ओसरीवर टेकलो, तर सुट्टीला आलेल्या पोरानं मोबाइलवर ढणढण लावलेली.

"काहून बे, इथं पीक हातचं गेलं अन् तुले गाणे सुचून राह्यले?"

"बाबा, आयका तं खरं. कापसाच्या किडीचंच गाणं हाय हे."

मी चमकलोच. 'इंडियन ओशन' या दिल्लीच्या बँडचं ते 'बोल वीव्हिल'. १९९७ च्या 'डेझर्ट रेन' या ध्वनिफितीतलं. बोल वीव्हिल म्हणजे बोंडातला भुंगा. १८९२ च्या सुमारास तो मेक्सिकोतून टेक्सासमध्ये शिरला आणि त्यानं अमेरिकेचा कापूस उद्ध्वस्त केला. तिथल्या काळ्या शेतमजुरांनी रडण्याऐवजी त्या किड्यावर गाणी रचली. आपलं दुःख गाणारा कोणी सातासमुद्रापार होता, हे त्या संध्याकाळी कळलं.

मी भजनी मंडळात बसणारा माणूस. गुरुकुंज मोझरी इथून दूर नाही, त्यामुळे खंजिरी कानात मुरलेली. रॉक म्हणजे आरडाओरडा, ही माझी पक्की समजूत. पण पोरानं समजावलं, की त्यात 'प्रोग्रेसिव्ह' नावाचा एक प्रवाह आहे. तीन मिनिटांत गाणं न संपवता चाल फिरवत, लय बदलत, सावकाश फुलवत नेणारा. म्हटलं, हे तर आमच्या रात्रभराच्या भजनासारखंच झालं!

मग मी त्यांचा 'कंदिसा' ऐकला, २००० सालचा. तीनच वर्षांत केवढा पालट! 'बोल वीव्हिल'चा विषय परमुलखातला. इथं मात्र 'मा रेवा'. नर्मदा आंदोलनात राहिलेल्या राहुल राम यांनी खोऱ्यातून आणलेलं नदीचं गाणं. शेजारीच केरळच्या सिरियन ख्रिस्ती मंडळींची ॲरामाइक भाषेतली प्रार्थना. शब्द कळत नाही, पण हात आपोआप जोडले जातात. वाद्यं आता एकमेकांपुढे धावत नाहीत. गळ्याला जागा देतात. तबला वाजवता वाजवता गाणारे असीम चक्रवर्ती तर मला आमच्या मंडळातल्या बुवांसारखेच वाटले. खंजिरीही त्यांचीच आणि आवाजही त्यांचाच.

असीम डिसेंबर २००९ मध्ये गेले. २०१३ मध्ये सुस्मित सेन यांनी बँड सोडला. १९९० मध्ये बँड सुरू करणारे दोघंही आता त्यात नव्हते. २०२३ मध्ये 'तू है' आला, तेव्हा पोरानं तो अगत्यानं पाठवला. मी ऐकला आणि नाक मुरडलं. "पहिल्यासारखं नाही राह्यलं," असं कळवूनही टाकलं.

त्याचं उत्तर आलं, "बाबा, पहिल्यासारखं असतं तर तुम्हीच म्हटलं असतं, नक्कल हाय."

हे मनाला लागलं. कारण तोवर आमचे बुवाही गेले होते. तसाच गाणारा, तशीच खंजिरी वाजवणारा माणूस शोधण्यात आम्ही दोन वर्षं घालवली. तो मिळेना आणि मंडळ मोडायला आलं. 'इंडियन ओशन'नं काय केलं होतं? असीम यांचं काम दोघांत वाटलं. गाणं हिमांशु जोशींकडे, तबला तुहीन चक्रवर्तींकडे. दुसरा असीम शोधण्याच्या भानगडीत ते पडलेच नाहीत. 'तू है' पुन्हा ऐकला, तेव्हा त्यातले नवे आवाज नव्यानं कानी पडले.

पुढच्या गुरुवारी मंडळात मी विषय काढला. आता एक पोरगा गातो, दुसरा खंजिरी वाजवतो. ताल अधूनमधून चुकतो. जुनी माणसं एकमेकांकडे पाहतात, हळूच मान हलवतात.

पण उठून कोणी जात नाही.