साडेआठ तासांचे गणित

मिरामार येथे २७ ऑक्टोबर २०२४ रोजी झालेल्या ‘आयर्नमॅन ७०.३ गोवा’ स्पर्धेत बंगळुरू दक्षिणचे खासदार तेजस्वी सूर्या यांनी अंतिम रेषा ओलांडली, तेव्हा त्यांची वेळ नोंदली गेली ती ८ तास २७ मिनिटे ३२ सेकंद. या स्पर्धेची वेळमर्यादा साडेआठ तासांची. म्हणजे १.९ किलोमीटर समुद्रात पोहून, ९० किलोमीटर सायकल चालवून आणि २१.१ किलोमीटर धावून झाल्यावर त्यांच्या हाती जेमतेम अडीच मिनिटे उरली होती. वाटेत एकदा चाक पंक्चर झाले असते, तर एवढा सगळा प्रवास करूनही त्यांच्या नावापुढे ‘अपूर्ण’ असाच शेरा पडला असता.

वृत्तपत्रांत विजेत्यांची नावे येतात. परंतु या स्पर्धेत उतरणाऱ्यांतील बहुसंख्य लोक कोणाला हरवायला आलेले नसतात. ते डॉक्टर असतात, अभियंते असतात, पोलीस अधिकारी, दुकानदार, गृहिणी असतात, आणि त्यांची शर्यत घड्याळाशी असते. हौशी स्पर्धकाची महिनोन्‌महिने चालणारी तयारी समजून घ्यायची, तर आधी हे घड्याळ समजून घ्यावे लागते.

नावातील ७०.३ हा आकडा मैलांचा आहे. तिन्ही अंतरांची ती बेरीज. पूर्ण आयर्नमॅन याच्या दुप्पट, म्हणजे ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि ४२.२ किलोमीटर धावणे. त्यासाठी १७ तास मिळतात. या अंतरांमागे शास्त्रीय कारण वगैरे काही नाही. हवाई बेटांवरील अमेरिकी नौदल अधिकारी जॉन कॉलिन्स यांच्या मित्रमंडळींत सर्वांत तंदुरुस्त कोण, धावपटू, पोहणारा की सायकलस्वार, असा वाद रंगला आणि तिथल्या तीन प्रचलित स्पर्धा एकापुढे एक जोडून तो मिटवायचे ठरले. १८ फेब्रुवारी १९७८ रोजी १५ जण उतरले, १२ जणांनी शेवट गाठला. गॉर्डन हॉलर पावणेबारा तासांत पहिला आला. पुढे हाच गप्पांतला हिशेब जगभरचा मानदंड झाला. भारतात ही नाममुद्रा घेऊन आलेली पहिली स्पर्धा २० ऑक्टोबर २०१९ रोजी मिरामारलाच झाली. महासाथीमुळे मधली दोन वर्षे ती होऊ शकली नाही. २०२२ पासून पुन्हा सुरू झाली.

आता साडेआठ तासांची फोड पाहू. पोहण्यासाठी १ तास १० मिनिटे मिळतात. याचा अर्थ दर १०० मीटरला ३ मिनिटे ४१ सेकंद, म्हणजे तलावात नियमित पोहणाऱ्याला आरामाचा वेग. आरंभापासून साडेपाच तासांच्या आत सायकल संपली पाहिजे. एखाद्याने तासाभरात पोहणे आटोपले आणि ओले कपडे, बूट, शिरस्त्राण यांच्या गडबडीत दहा मिनिटे घालवली, तर ९० किलोमीटरसाठी त्याला ४ तास २० मिनिटे उरतात. ताशी सुमारे २१ किलोमीटर. पुढे धावण्यासाठी तीन तास, त्यातली पाच मिनिटे पुन्हा बूट बदलण्यात गेली असे धरले, तर किलोमीटरला ८ मिनिटे १८ सेकंद. हे आकडे वाचताना कोणालाही वाटेल की यात अवघड ते काय? अडचण अशी की भरभर चालणाराही किलोमीटरला साडेनऊ-दहा मिनिटे घेतो. म्हणजे पायांनी शेवटी असहकार पुकारला, तर चालत जाऊन ही शर्यत पूर्ण होत नाही. सगळ्या तयारीचा रोख एकाच गोष्टीवर असतो: पाच-सहा तासांच्या श्रमानंतरही माणूस धावू शकला पाहिजे.

मिरामारला येणाऱ्यांत समुद्राचे तोंडही क्वचित पाहिलेले स्पर्धक असतात. उदाहरणादाखल इंदूर जिल्ह्यातील गौतमपुरा घ्या. मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांचे नाव मिरवणारे, दिवाळीच्या दुसऱ्या दिवशीच्या हिंगोट युद्धासाठी ओळखले जाणारे माळव्यातील हे छोटे नगर किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर दूर. तिथल्या एखाद्या शिक्षकाने वा बँकेतील कर्मचाऱ्याने मिरामारचा संकल्प सोडला, तर सायकलची सोय दारातच होते. इंदूर पन्नासेक किलोमीटरवर, म्हणजे एकदा जाऊन-येऊन स्पर्धेचे अंतर भरते. फक्त ऑक्टोबरात सोयाबीनच्या काढणीमुळे ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची वर्दळ वाढण्याआधी, उजाडताच निघायचे. धावायला शेतातले रस्ते पुरतात. पोहण्याच्या बाबतीत मात्र अवघड. प्रशिक्षक आणि जीवरक्षक असलेला तलाव गाठायचा, तर तो इंदुरातच. आठवड्याचे दोन दिवस त्यात खर्ची पडणार. पाणवठ्यावर किंवा धरणाच्या फुगवट्यात एकट्याने सराव करण्याचा मोह पुष्कळांना होतो. तो टाळलेला बरा.

समुद्र जवळ असलेल्या गोमंतकीयांची स्थिती फार वेगळी आहे असेही नाही. पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, आपल्या किनाऱ्यांवर पोहणे निषिद्ध असते आणि ते योग्यच आहे. स्पर्धा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. म्हणजे पणजीच्या स्पर्धकालाही वर्षभर कांपालच्या तलावात हातपाय मारून झाल्यावर खऱ्या समुद्राचा सराव मिळतो तो काही आठवड्यांचाच. तलावाच्या तळाशी सरळ रेषा आखलेली असते. मिरामारच्या गढूळ पाण्यात, जिथे मांडवी समुद्राला मिळते, स्वतःचा हातही नीट दिसत नाही. दर आठ-दहा हातांनंतर डोके वर काढून बोया शोधावा लागतो. हे ‘पाहणे’ जमले नाही, तर १.९ किलोमीटरचे सव्वादोन किलोमीटर सहज होतात. भरती-ओहोटीचा ओढा वेगळाच. शिवाय येथील पाणी इतके कोमट असते की शरीराला तरंगते ठेवणारा जाड रबरी पोशाख, ज्याच्या आधाराने युरोपातील कित्येक कच्चे पोहणारे निभावून नेतात, तो इथे कामाचा नाही. पाण्याचे तापमान २४.५ अंश सेल्सियसच्या वर असले, तर तो घालणाऱ्याला बक्षिसासाठी धरत नाहीत, २८.८ अंशांपुढे तो घालताच येत नाही.

पोहण्याला तयारीत सर्वांत कमी वेळ दिला जातो, कारण एकूण वेळेत त्याचा वाटा सर्वांत लहान. जिवाच्या दृष्टीने पाहिले, तर हा हिशेब उलटा आहे. अमेरिकेतील ट्रायथलॉन स्पर्धांमध्ये १९८५ ते २०१६ या काळात मृत्यू किंवा हृदयक्रिया बंद पडण्याच्या १३५ घटना संशोधकांनी तपासल्या. त्यांतील ९० पोहण्याच्या टप्प्यात घडल्या होत्या. धोका एकूण अत्यल्प, दर लाख स्पर्धकांमागे दोनहूनही कमी. पण तो प्रामुख्याने पुरुषांना होता आणि चाळिशीनंतर वाढत जाणारा होता. आपल्याकडे या खेळाकडे वळणाऱ्यांत चाळिशीतले पुरुष कमी नाहीत. तेव्हा नोंदणीचे शुल्क भरण्याआधी हृदयरोगतज्ज्ञाकडे एक फेरी मारणे आणि पाण्यात छातीत काही वेगळे जाणवले तर हात वर करून जीवरक्षकाच्या नावेला धरणे, या दोन गोष्टी सरावाच्या तक्त्याइतक्याच महत्त्वाच्या. नावेला धरून विसावा घेण्यास नियमांची आडकाठी नसते. तिने पुढे ओढून नेलेले मात्र चालत नाही.

सायकलवर बसल्यानंतरचा शत्रू म्हणजे उत्साह. पाण्यातून सुखरूप बाहेर आल्याचा आनंद, बंद ठेवलेले मोकळे रस्ते, दुतर्फा टाळ्या. पाय आपोआप जोर लावतात. इथे पदार्थविज्ञान आडवे येते. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्यावर मात करण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाने. ताशी २५ ऐवजी २८ किलोमीटरने जायचे, तर हवेशी झुंजण्यासाठी सुमारे ४० टक्के जास्त जोर लावावा लागतो. त्यातून ९० किलोमीटरमध्ये वाचतात २३ मिनिटे. या उधळपट्टीमुळे पुढच्या धावण्यात किलोमीटरला केवळ दीड मिनिट जास्त लागले, तरी ३२ मिनिटे जातात. दुसऱ्या सायकलच्या मागे दडून वारा चुकवण्याची युक्तीही इथे चालत नाही. दोन स्पर्धकांत १२ मीटर अंतर ठेवावे लागते, अन्यथा दंडाची मिनिटे वाट्याला येतात.

म्हणूनच जाणते प्रशिक्षक हौशी मंडळींना हळू जायला शिकवतात. आठवड्याला मिळणाऱ्या नऊ-दहा तासांपैकी बहुतेक वेळ, बोलता बोलता दम लागणार नाही अशा संथ गतीने घालवायचा. या गतीत हृदय एका ठोक्यात अधिक रक्त ढकलायला शिकते, स्नायूंत केशवाहिन्यांचे जाळे दाट होते आणि शरीर इंधन म्हणून साठवणीतल्या साखरेऐवजी चरबी जाळण्यास सरावते. साखरेचा साठा दीड-दोन तासांच्या जोरकस श्रमांपुरताच असतो. चरबी मात्र सडपातळ माणसाजवळही कित्येक दिवसांची असते. वेगाचे सराव आठवड्यातून एक-दोनदा पुरेत. त्याखेरीज एक सराव चुकवू नये असा: सायकलवरून उतरून लगेच धावणे. त्याला ‘ब्रिक’ म्हणतात. पहिली दहा मिनिटे पाय खरोखरच विटांसारखे जड वाटतात, त्यामुळे नावाला हरकत घेता येत नाही.

गौतमपुऱ्याच्या स्पर्धकाला गोव्यात खरा धक्का देईल ते येथील हवामान. माळव्याच्या कोरड्या हवेत घाम आला की उडून जातो आणि अंग निवते. ऑक्टोबरातील पणजीत हवाच ओलाव्याने भरलेली. घाम उडत नाही, नुसता निथळतो. पाणी गेले, मीठ गेले, आणि गारवा मात्र मिळाला नाही. त्वचेला थंड ठेवण्यासाठी रक्त तिकडे वळते, स्नायूंच्या वाट्याला कमी येते, आणि त्याच वेगाला नाडीचे ठोके वाढतात. शरीर याच्याशी जुळवून घेते. दहा ते चौदा दिवस उकाड्यात सराव केला, तर रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते, घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातील मीठ कमी होते. नोकरदार माणसाला पंधरा दिवस आधी गोव्यात येऊन राहणे परवडणारे नाही. त्याने शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत सकाळऐवजी दुपारी, बेताबेताने धावावे, हा व्यवहार्य उपाय.

किती प्यायचे, याचे उत्तर वजनकाटा देतो. तासभर धावण्याआधी आणि नंतर वजन केले की घामाचा हिशेब कळतो; एक किलो घटले तर साधारण एक लिटर गेले. अति पाणी पिणे हेही संकटच. मिठाविना नुसते पाणी ढोसत राहिल्यास रक्तातील सोडियम पातळ होऊन शुद्ध हरपण्यापर्यंत वेळ येऊ शकते. आपल्याकडे शहाळ्यावर सर्वांचा विश्वास. त्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम मात्र घामात जाते त्या मानाने थोडे. त्यापेक्षा मीठ-साखर घातलेले कोकम सरबत कितीतरी उपयोगी. खाण्याचे म्हणाल तर ताशी सुमारे ६० ग्रॅम पिष्टमय पदार्थ पोटात गेले पाहिजेत. केळी, चिक्की, मीठ लावलेले उकडलेले बटाटे यांनीही ते भागते, महागडी जेलची पाकिटेच हवीत असे नाही. पण जे स्पर्धेत खायचे, ते आधी सरावात खाऊन पाहिलेले असावे. चालत्या सायकलवर पोटाचे स्वभाव बदलतात.

या सगळ्याला लागणारा वेळ कुठून येतो, हा प्रश्न तक्त्यांत नसतो. बंगळुरूचे खासदार असोत की नाशिकच्या सैयामी खेर, ज्यांनी चित्रपटांचे वेळापत्रक सांभाळत २०२४ मध्ये बर्लिन आणि २०२५ मध्ये स्वीडनमधील यॉन्शॉपिंग येथे हेच अंतर पूर्ण केले, किंवा पन्नाशीच्या उंबरठ्यावर २०१५ साली झुरिकला पूर्ण आयर्नमॅन १५ तास १९ मिनिटांत संपवणारे मिलिंद सोमण असोत, त्यांची नावे आपल्याला कळतात. पहाटे साडेचारला उठणाऱ्या शिक्षकाच्या घरी मुलांचे डबे कोण भरते, रविवारचा बाजार कोण करते, हे निकालपत्रात येत नाही. रात्री साडेनऊला झोपणारा माणूस सहा महिने लग्नकार्यांतून गायब असतो. घरच्यांशी आधी बोलून घेतलेल्यांचा सराव टिकतो, आणि ज्यांनी ते केलेले नसते त्यांचा बहुधा तिसऱ्या महिन्यात अडखळतो.

शेवटचे दोन आठवडे सराव निम्म्यावर आणायचा असतो. थकलेले स्नायू भरून येतात, साखरेचा साठा पूर्ण होतो. माणूस मात्र बेचैन होतो. इतकी वर्षे जे पाय दुखत नव्हते ते दुखू लागल्याचा भास होतो. त्यातच हा काळ नेमका दिवाळीच्या आसपास येतो. २०२४ मध्ये स्पर्धेनंतर आठवड्याच्या आतच लक्ष्मीपूजन होते, म्हणजे घराघरांत चकलीचे घाणे तळले जात असताना स्पर्धक मऊ भात आणि डाळीवर होते. माळव्यातून निघालेल्याच्या पिशवीत आईने फराळाचा डबा ठेवलाच, तर तो सोमवारी उघडावा. शनिवारी संध्याकाळी मिरामारच्या वाळूत उभे राहून बोया कुठे आहेत, सूर्य कोणत्या बाजूने डोळ्यांवर येईल आणि पाण्यातून बाहेर पडायची कमान कोणत्या झाडाच्या रेषेत दिसते, एवढे पाहून ठेवले की करण्यासारखे काही उरत नाही.