पत्र अडले कोठे?

समजा, तुमच्या काकूंचा घरगुती मसाल्यांचा छोटासा व्यवसाय आहे. दिवाळी तोंडावर आली आहे. नाशिकच्या एका दुकानदाराने ईमेलने भाव विचारले आणि काकूंनी त्याच दिवशी उत्तर धाडले. चार दिवसांनी दुकानदाराचा फोन येतो, "तुमचे उत्तरच आले नाही, म्हणून मी दुसरीकडे मागणी नोंदवली!"

काकूंची पत्रे घरातल्याच एका संगणकामार्फत जातात-येतात. तो जणू त्यांचा खाजगी टपालघर. त्याला मेल-सर्व्हर म्हणतात. मग पत्र अडले कोठे?

घाईघाईने बटने दाबू नका. आधी पाहा, काय चालते आणि काय चालत नाही? पत्रे येतात, पण जात नाहीत. म्हणजे संगणक सुरू आहे, इंटरनेटही जोडलेले आहे. दोन शंका तर इथेच मिटल्या!

आता पत्राचा प्रवास पाहू. सर्व्हर प्रथम डीएनएस या जागतिक सूचीत शोधतो की, दुकानदाराची पत्रे कोणता सर्व्हर घेतो. मग त्या सर्व्हरचे २५ क्रमांकाचे दार ठोठावतो. या दाराला 'पोर्ट' म्हणतात. पुढचे संभाषण एसएमटीपी नावाच्या नियमांनी चालते. जॉन पोस्टेल यांनी ते १९८२ साली लिहून काढले आणि सुधारित रूपात ते आजही वापरात आहेत. समोरून येणारे प्रत्येक उत्तर तीन अंकी असते. पहिला अंक २ असला, तर 'ठीक'. ३ असला, तर 'पुढे बोला'. ४ म्हणजे 'आत्ता जमत नाही, नंतर या' आणि ५ म्हणजे 'घेणार नाही'. ही सारी हकिगत सर्व्हर आपल्या नोंदवहीत लिहून ठेवतो.

काकूंची नोंदवही उघडली, तर काय दिसले? आकडा एकही नाही! प्रत्येक पत्रापुढे एकच शेरा : वाट पाहिली, जोडणी झाली नाही. म्हणजे दुकानदाराच्या सर्व्हरने पत्र नाकारलेलेच नाही. आपला निरोप्या त्याच्या दारापर्यंत पोचलाच नाही!

मग वाटेत कोणी अडवले? घरगुती जोडणीवरून २५ क्रमांकाच्या दाराकडे जाणारी वाट अनेक इंटरनेट कंपन्या बंद ठेवतात. विषाणू शिरलेले घरगुती संगणक मालकाच्या नकळत हजारो नकोशी पत्रे पाठवू लागतात, म्हणून ही खबरदारी. आणि काकूंना हे चार दिवस कळले का नाही? जोडणी झाली नाही, तरी सर्व्हर पत्र रांगेत ठेवून पुन:पुन्हा प्रयत्न करतो. निदान चार-पाच दिवस हार मानू नये, असा संकेतच आहे.

यावर उपाय दोन. कंपनीला वाट उघडण्याची विनंती करायची, किंवा पत्रे ५८७ क्रमांकाच्या दाराने, परवलीचा शब्द देऊन, एखाद्या मध्यस्थ सर्व्हरकडे सोपवायची. काकूंनी दुसरा मार्ग धरला. पत्र पोचले, पण नकोशा पत्रांच्या ढिगात जाऊन पडले!

असे का व्हावे? पाकिटावर पाठवणाऱ्याचे नाव कोणीही लिहू शकतो. म्हणून डीएनएसमध्ये एक यादी लावतात : 'आमच्या नावाने एवढेच सर्व्हर पत्रे पाठवतील.' ही एसपीएफ नोंद. काकूंच्या यादीत फक्त घरचा संगणक होता, नवा मध्यस्थ नव्हता. दुसरी खूण डीकेआयएम. ही गुप्त किल्लीने उमटवलेली मोहोर असते. ती तपासण्याची जाहीर किल्ली डीएनएसमध्ये ठेवलेली असते. मजकुरातला एखादा शब्द जरी बदलला, तरी मोहोर जुळत नाही. २०२४ पासून जीमेल प्रत्येक पाठवणाऱ्याकडे यांतली निदान एक खूण मागते. यादीत मध्यस्थाचे नाव घातले, पत्रांवर मोहोर उमटू लागली, आणि पत्रे योग्य जागी पोचू लागली.

नाशिकची दिवाळीची मागणी मात्र हातची गेली ती गेलीच. नोंदवही पहिल्याच दिवशी पाहिली असती, तर?

करून पाहा : घरी आलेल्या एखाद्या ईमेलचे मूळ रूप उघडा. त्यात 'रिसीव्हड' शब्दाने सुरू होणाऱ्या ओळी दिसतील. हे वाटेतल्या सर्व्हरांचे टपालशिक्के होत. प्रत्येक जण आपला शिक्का वरच्या बाजूला मारतो, म्हणून ते खालून वर वाचा. वेळा वेगवेगळ्या देशांच्या असतील, तर त्या भारतीय वेळेत मांडून घ्या. पत्र कोठे किती वेळ थांबले, ते तुम्हीच सांगाल!