श्वास फिरवणारे यंत्र

सेव्हर्न नदीखालून रेल्वेचा बोगदा खणताना १८७९ मध्ये मोठा झरा फुटला आणि काम पाण्याखाली गेले. पंप लावूनही पाणी हटेना, कारण सुमारे हजार फूट आतला एक लोखंडी दरवाजा उघडाच राहिला होता. अलेक्झांडर लॅम्बर्ट हा पाणबुड्या तो लावायला उतरला. पण वरून हवा पुरवणारी लांबलचक नळी ओढता ओढता त्याची ताकद संपली. मग १८८० मध्ये त्याने हेन्री फ्ल्यूसने नुकतेच बनवलेले, नळी नसलेले यंत्र पाठीवर घेतले. सोडलेला श्वास त्यातच शुद्ध होऊन परत मिळत असे. एक खेप वाया गेली. दुसऱ्या खेपेला, मिट्ट काळोखात, दरवाजा लागला.

आजच्या रीब्रीदरचा हा पूर्वज. त्याने नाव कमावले तेही डोक्यावर छप्पर असलेल्या पाण्यात.

आपण घेतो त्या हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतो आणि सोडतो त्या श्वासात १६ टक्क्यांच्या आसपास उरतोच. साध्या स्कूबात तो बुडबुड्यांबरोबर वाया जातो. ३० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या चौपट, म्हणून टाकीही चौपट वेगाने संपते. शरीराला लागणारा ऑक्सिजन मात्र खोलीने वाढत नाही. तो मिनिटाला लिटर-दीड लिटरच. रीब्रीदर तेवढीच भरपाई करतो. श्वास स्क्रबरच्या डब्यातून जातो, तिथले सोडालाइमचे दाणे कार्बन डायऑक्साइड शोषतात, सेन्सर ऑक्सिजन मोजतात आणि कमी पडेल तेवढा झडपेतून सोडला जातो. दोन लहान टाक्यांवर तासन्‌तास निघतात. बुडबुडे आदळत नसल्याने गुहेच्या छतावरचा गाळही कमी झडतो. १९८७ मध्ये बिल स्टोन हा गुहा-पाणबुड्या फ्लोरिडातल्या वाकुला स्प्रिंग्जमध्ये स्वतः घडवलेल्या रीब्रीदरवर सलग २४ तास पाण्याखाली राहिला.

खरी मेख पुढे आहे. ऑक्सिजन घटला तर शरीराला ते जवळजवळ कळतच नाही. जीव गुदमरतो तो कार्बन डायऑक्साइड साचल्यामुळे, आणि यंत्र नेमका तोच काढून टाकते. त्यामुळे झडप अडकली तर माणूस अगदी सुखाने श्वास घेत बेशुद्ध होतो. ऑक्सिजन फार वाढला तर झटके येतात आणि तोंडातला माउथपीस सुटू शकतो. स्क्रबर थकला तर उलट धाप लागते, आणि ती इतकी अनावर असते की माउथपीस क्षणभर काढून दुसरा लावणेही अशक्य वाटते. जानेवारी २००५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या बुशमन्स होल या गुहेत, सुमारे २७० मीटरवर, डेव्ह शॉ हा पाणबुड्या रीब्रीदरवर दुसऱ्या एका पाणबुड्याचा मृतदेह सोडवत होता. दोरीत गुंतून झालेल्या झटापटीत त्याच्या शरीरात कार्बन डायऑक्साइड साचला आणि तो परतला नाही.

मोकळ्या समुद्रात निदान वर जाता येते. गुहेत आधी आल्या वाटेने बाहेर यावे लागते. गुहांतल्या अपघातांची चिकित्सा करून शेक एक्सली या गुहा-पाणबुड्याने १९७९ मध्ये नियमांचे पुस्तक लिहिले. बाहेरच्या पाण्यापर्यंत अखंड दोरी हवी, आणि आत जाताना एक तृतीयांशच हवा वापरावी, हे त्यातले मुख्य. दोरीचा नियम आजही जसाच्या तसा लागू आहे. तृतीयांशाचा हिशेब मात्र रीब्रीदरला पुरत नाही. इथे प्रश्न असा असतो: सर्वांत आतल्या टोकाला यंत्र बंद पडले, तर सोबतच्या साध्या टाक्यांवर, घाबरून दुप्पट वेगाने श्वास घेत, बाहेर पोचता येईल का? त्या टाक्यांना बेलआउट म्हणतात. यंत्र तासन्‌तास चालणार असले तरी किती आत जायचे, हे ठरवते ती वापरावी लागू नये अशी आशा धरून नेलेली टाकी.

म्हणून गुहेची आणि रीब्रीदरची विद्या एकदम शिकवत नाहीत. आधी साध्या टाक्यांवर गुहा: मास्क झाकून दोरी चाचपत बाहेर येणे, सुटलेली दोरी शोधणे, जोडीदाराला हवा देणे. रीब्रीदर वेगळा, मोकळ्या पाण्यात, हात सरावेपर्यंत. मग दोन्ही एकत्र. दरवेळी तपासणीची यादी पाठ म्हणायची नाही, वाचायची. पाण्यात शिरण्यापूर्वी काही मिनिटे काठावर बसून यंत्रावर श्वास घ्यायचा, नजर आकड्यांवर. सेन्सर सहसा तीन असतात. पण दोघांचे जुळले म्हणून ते खरेच असे नाही, कारण एकाच वयाचे सेन्सर एकाच वेळी खोटे बोलू लागतात.

शंका आली की बेलआउटवर जायचे आणि परत फिरायचे, हा शेवटचा धडा. बाहेर आल्यावर यंत्र ठणठणीत निघाले तरी चांगला शिक्षक कुणाला हसत नाही. हाती असलेली सगळी कारणे पुढे जाण्याची असतानाही मागे वळणारा विद्यार्थीच त्याच्या लेखी उत्तीर्ण होतो.