राधानगरीचा लक्ष्मी तलाव

हिमालयांतील उंच सरोवरांचीं वर्णनें वाचतांना, सह्याद्रीच्या माथ्यावर तशीं सरोवरें कां नसावींत, असा प्रश्न सहज मनांत येतो. हिमालयांत हिमनद्यांनीं खडक कोरून द्रोण केले व त्यांत वितळत्या बर्फाचें पाणी सांचलें. सह्याद्रीचा खडक सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं लाव्हारसाच्या थरांवर थर बसून झाला. तेथें हिमनद्या कधीं वाहिल्याच नाहींत. म्हणून पावसाळ्यांत शंभर इंचांहून अधिक पाऊस पडूनहि तें पाणी उतारांवरून निघून जातें. तें थोपवावयाचें तर मनुष्यानेंच बांध घातला पाहिजे.

कोल्हापूरच्या नैर्ऋत्येस भोगावतीवर असलेला लक्ष्मी तलाव अशाच प्रयत्नाचें फळ होय. १८९६-९७ च्या दुष्काळाचा अनुभव घेतलेल्या शाहू छत्रपतींनीं विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत हें काम हातीं घेतलें. १९१८ पर्यंत भिंत सुमारें ४० फूट उंच झाली. पुढें द्रव्याभावीं काम थांबलें. ६ मे १९२२ रोजीं महाराज निवर्तले. त्यांनीं योजिलेली भिंत स्वातंत्र्यानंतर पुरी झाली व आज तेथें आठ अब्ज घनफुटांहून अधिक पाणी सांठतें.

तलावाच्या वरच्या अंगास दाजीपूरचें अरण्य आहे. पूर्वीं हें छत्रपतींचें शिकारीचें रान होतें. १९५८ सालीं तें अभयारण्य झालें. दाट झाडींतून मध्येंच जांभ्या खडकाचे उघडे सडे लागतात व पहाटेच्या धुक्यांत तेथें गव्यांचे कळप चरतांना दिसतात. कड्यावरून पश्चिमेस खालीं कोंकण पसरलेलें दिसतें. समुद्र येथून अवघा पंधरा-वीस कोस. परंतु कड्याच्या अलीकडे पडलेला थेंब भोगावती, पंचगंगा व कृष्णा या मार्गानें पार बंगालच्या उपसागरास मिळतो.

तलाव तुडुंब भरला कीं त्याचे सात दरवाजे पाण्याच्या दाबानें आपोआप उघडतात. ही वार्ता येतांच कोल्हापुरांत पंचगंगाकांठचीं कुटुंबें सामान आवरूं लागतात. ऑगस्ट २०१९ मध्यें राजाराम बंधाऱ्यापाशीं पाणी ४३ फुटांची धोक्याची रेषा ओलांडून ५५ फुटांच्याहि वर गेलें होतें. मात्र तोच सांठा उन्हाळ्यांत भोगावतीकांठच्या उसाला जगवितो. म्हणून दाजीपूरच्या पावसाची चौकशी कोल्हापूरकर घरच्या माणसाच्या प्रकृतीसारखी करतात.